कडीला एक थेंब

शिंगणापूरचा रस्ता हायवे सोडून जिथं आत वळतो, त्या फाट्यावर लिंबाच्या झाडाखाली बनुबाईचं सायकलचं दुकान आहे. पाटीवर मात्र 'मच्छिंद्र सायकल मार्ट' असं आहे, आणि ते तसंच राहणार. पाटी बदला, असा सल्ला देण्याचा शहाणपणा एकानं मागं केला होता. बनुबाईनं त्याच्या चाकात नुकतीच भरलेली हवा फुस्सकन सोडून दिली आणि म्हणाली, "जा आता, पाटी रंगवनाऱ्याकडून भरून घे."

अशी ही बाई. वय अठ्ठावन्न, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, कमरेला पाना खोचलेला, आणि तोंड असं की गिऱ्हाईक एकदा वैतागून गेलं तरी दुसऱ्यांदा तिच्याकडंच यायचं, कारण काम चोख. वैतागलेलं गिऱ्हाईक परत आलं की ती म्हणायची, "आलास का? बस. आदी पानी पी."

दुकानात पंक्चरच्या घमेल्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत तिचा नवरा बसलेला असतो. तोच पाटीवरचा मच्छिंद्र. एके काळी सोनईपासून वडाळ्यापर्यंतच्या सायकली त्याच्या हाताखालून जायच्या. अकरा वर्षांपूर्वी त्याचं उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर आठ दिवस दुकान बंद राहिलं. नवव्या दिवशी बनुबाईनं स्वतः शटर वर केलं, त्याला खुर्चीत आणून बसवलं आणि म्हणाली, "तुमी सांगा, मी करते." तोवर तिनं भाकरी आणून देताना मधूनअधून पंक्चरं काढली होती, तेवढीच काय ती ओळख. बाकी सगळं ती मच्छिंद्रच्या डाव्या हाताच्या खुणांवर शिकली.

मच्छिंद्रचं अंग गेलं, पण कान शाबूत राहिला. काम झालं की बनुबाई मागचं चाक उचलायची आणि पायडल फिरवायची. तो डोळे मिटून चेन ऐकायचा. "कोरडी," म्हणायचा, किंवा "लई झालं." चूक असली तर हे दोन शब्द. बरोबर असलं तर काहीच नाही. अकरा वर्षांत 'बरोबर' हा शब्द त्या जड जिभेवरून एकदाही उतरला नाही. आणि लोक तरी कसले! हात काळे करणार बनुबाई, घाम गाळणार बनुबाई, आणि गिऱ्हाईक सायकल घेताना विचारणार खुर्चीकडं बघून, "काय मिस्त्री, झाली का बरोबर?" तो डावा हात हलवायचा, की गिऱ्हाईकाचं समाधान. बनुबाई हातात पाना घेऊन उभीच. तिला वाईट वाटायचं. पण अंग गेलेल्या नवऱ्याशी काय भांडायचं, म्हणून ती सगळा राग ब्रश घेऊन कुणाच्या तरी चेनवर काढायची, आणि त्या चेनचं कल्याण व्हायचं.

तेल हा तिचा हातखंडा. फळीवर खोकल्याच्या औषधाच्या तीन जुन्या बाटल्या असायच्या, गळ्यात चिंध्या बांधलेल्या. पांढऱ्या चिंधीतलं तेल पातळ, कोरड्या धुळीच्या रस्त्याला. मिरजगावकडचा कुणी उन्हाळ्यात सायकल चालवणारा आला, की त्याला हेच. काळ्या चिंधीतलं जाड, अकोले-राजूरकडच्या पावसाला. ते पाण्यानं धुऊन जात नाही, पण कोरड्यात घातलं की धूळ धरून ठेवतं. मग चेनवर त्याचं वाटण होतं आणि ते वाटण चाकाचे दाते खाऊन टाकतं. लाल चिंधीतलं मधलं, दूधवाल्यांना आणि शाळेच्या पोरांना, ज्यांना रोज थोडी धूळ आणि थोडा चिखल. घालायची पद्धतही ठरलेली. चेनच्या खालच्या पट्टीवर आतल्या अंगानं, कडीला एक थेंब, पायडल उलटं फिरवत. मग ते मुरू द्यायचं आणि नंतर वरचं सगळं कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. ते पुसणं बघून गिऱ्हाईक हमखास ओरडायचं, "अवो, घातलेलं तेल काढता कशाला?" त्यावर तिचं उत्तर पाठ होतं. "तेल कड्यांच्या आत पायजे. भाईर काय तुझ्या मिशीला लावायचंय?" पुसून झालं की ती चेनवर बोट फिरवायची. बोटाला डाग यावा, थेंब येऊ नये.

आणि शनिवारी तेल बंद! हा दंडक मच्छिंद्रच्या आईनं घालून दिलेला. शनिवारचं तेल देवाचं. शिंगणापूर हाकेच्या अंतरावर असताना आपण ते कुणाच्या चाकाला ओतायचं नाही. म्हणून शहाणी गिऱ्हाइकं शुक्रवारी यायची. शुक्रवारी घातलेलं तेल रात्रभर कड्यांत मुरायचं आणि शनिवारी बनुबाई फक्त फडकं फिरवायची. तेल आदल्या दिवशी घालावं आणि दुसऱ्या दिवशी पुसावं, हे शहरातले महागड्या सायकलवाले आता मोबाईलवर बघून शिकतात. फाट्यावर ते म्हातारीच्या नेमानं चाळीस वर्षं चाललेलं होतं. म्हातारीचा दुसराही एक नेम होता. या दारातून कोरडी सायकल बाहेर पडता कामा नये. दोन्ही नेमांची एकमेकांशी कधी गाठ पडली नव्हती. ती पडली गेल्या ऑगस्टात.

निकिता ही शेजारच्या गावची. झेडपीच्या शाळेत शिक्षिका, वय सव्वीस. शाळेला रोज सायकलनं जायची आणि सायकलीचं तिला भलतंच वेड. नगरचा चाळीसेक सायकलवाल्यांचा एक ग्रुप दर ऑगस्टात फाट्यापासून भंडारदऱ्यापर्यंत सायकली नेतो. दीडशे किलोमीटर, दहा तासांच्या आत. आधीच्या वर्षी निकितानं शहरातल्या एका दुकानातून सायकल तयार करून घेतली होती. त्या दुकानदारानं चेनवर तेल असं ओतलं होतं की खाली ठिबकत होतं. संगमनेर येईतो चेन धुळीनं काळी ठिक्कर, आणि राजूरच्या अलीकडच्या घाटात ती दातांवरून उड्या मारायला लागली. पोरगी भर पावसात सायकलीसकट टेम्पोत बसून परत आली.

यंदा तिनं ग्रुपवर लिहून टाकलं, 'माझी सायकल आमच्या फाट्यावरच्या बनुमावशी तयार करणार.' त्याच्याखाली कुणीतरी हसरं तोंड टाकलं आणि विचारलं, 'ती पंक्चरवाली?' निकितानं ते चिडून मावशीला दाखवलं. तशी बनुबाई भडकलीच. "पंक्चरवाली म्हंत्यात व्हय? त्या भाड्यास्नी पंक्चर तरी काडता येतं का?" असं म्हणून तिनं त्या दिवशी तीन सायकलींच्या चेनी धुतल्या, त्यातली एक तर नुसती हवा भरायला आली होती. आता बोलूनचालून तिच्या कामाचा निकाल चाळीस माणसांपुढं लागणार होता.

शर्यत रविवारी. शुक्रवारीच तिनं चेन धुऊन, पातळ तेल घालून सायकल दिली होती. शनिवारी दुपारी निकिता येऊन फक्त पुसून नेणार होती. ती आली अकरा वाजताच, सायकल हातात धरून चालत, रडवेल्या तोंडानं. मागून मोटारसायकलवर तिचे वडील भागवत, आणि त्यांचा चेहरा फुललेला. सायकलीच्या हँडलला रुईच्या पानांची माळ. चेनवरून तेलाची धार लागलेली, आणि गिअरच्या दात्यांत काळे उडीद अडकलेले.

भागवतभाऊ सांगायला लागले, "पोरगी गेल्या साली अडली, म्हनलं औंदा गाडी देवाच्या पायाशी नेऊन आनू. पहाटंच गेल्तो. अख्खी बाटली वतली चेनवर, हात आखडता घेतला न्हाई!"

बनुबाईनं चेनवर बोट फिरवलं, तर बोटावरून तेल ओघळलं.

"भाऊ," ती म्हणाली, "देवाचं तेल देवाला घालावं. चेनला कशापायी?"

"का बरं? तेल ते तेलच की."

"खायचं तेल हाय हे. तळनीची कढई धुतलीया का कदी तुमी? काठाला काय चिकटून बसतं? त्येच हितं बसनार, वरनं रस्त्याची धूळ. संगमनेरपातुर चेनचं लाडू हुतील."

भागवतभाऊंचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हंजे मी पोरीचं नुसकान केलं व्हय?"

आता एवढा मोठा माणूस रडकुंडीला आलेला बघून बनुबाईचा राग कुठल्या कुठं गेला. "न्हाई हो भाऊ. देवाला तुमचा हेतू पोचला. चेनला तेवडं कळत न्हाई. बसा, च्या घ्या."

मग ती कामाला लागली. देवाचं तेल आधी नव्या कोऱ्या फडक्यानं निपटून घेतलं आणि ते फडकं कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून खुंटीला अडकवलं. संध्याकाळी त्याच्या वाती करून दिवा लावायचा, असं तिनं भागवतभाऊंना सांगितलं, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. चेन काढली, पत्र्याच्या डब्यात रॉकेलमध्ये बुडवली आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं कडी न् कडी घासली. रॉकेल काळं झालं की बदलायचं, असं तीनदा. सायकलीच्या तारेचा तुकडा घेऊन दात्यांतले उडीद टोकरून काढले. दुपारच्या उन्हात चेन दोरीवर वाळत घातली. तीन वाजता ती सायकलीवर चढवली आणि मागचं चाक उचलून पायडल फिरवलं.

"कोरडी," मच्छिंद्र खुर्चीतून म्हणाला.

"ठावं हाय," बनुबाई खेकसली. "शनिवार हाय न्हवं आज?"

आणि ती खाली बसली. चेन लख्ख झाली होती, पण उघडी पडली होती. सकाळी साडेपाचला सगळे निघणार. दिवस उगवेपर्यंत शनिवारच, म्हणजे त्याआधी तेल घालता येणार नाही. निकिता म्हणाली, "मावशी, बाटली द्या, मी घरी घालते." तर भागवतभाऊ म्हणाले, "आपल्या घरात शनिवारी न्हाई चालायचं, बाई." म्हणजे झालं! एका बाजूला म्हातारीचा शनिवार, दुसऱ्या बाजूला म्हातारीचंच कोरडी सायकल न सोडणं, आणि मधे बनुबाईची चाळीस माणसांपुढची अब्रू. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून तिनं उगाच घमेल्यातल्या पाण्यात हात घातला.

"घाल," मच्छिंद्र म्हणाला.

बनुबाईनं मान वर केली. "काय?"

"तेल. घाल."

"अवो, आत्यांचा नेम हाय."

मच्छिंद्रला एवढं बोलायची सवय राहिली नव्हती. तो एकेक शब्द उचलून ठेवत बोलला. "दोनी नेम आईचंच. कोरडी... जाऊ द्यायची न्हाई. त्यो पयला. त्यो तिनं मला... दुकान टाकलं त्या दिशी सांगितला." मग दम घेऊन म्हणाला, "खुर्ची वड. पायडलपाशी."

तिनं खुर्ची ओढत सायकलीजवळ आणली. मच्छिंद्रनं डावा हात पायडलवर ठेवला. अकरा वर्षांत त्यानं सायकलीला हात लावला नव्हता. भागवतभाऊ आणि निकिता दुपारच्या चहाचे कप हातात तसेच धरून बघत राहिले.

बनुबाईनं पांढऱ्या चिंधीची बाटली उचलली. मच्छिंद्रची मान हलली. "लाल."

"पांढरी," ती म्हणाली.

"अकोल्याला पानी हाय."

"अकोल्याच्या आदी शंबर किलोमीटर धूळ हाय. सोनई, राहुरी, कोल्हार, लोनी, समदा रस्ता उकरून ठिवलाय. लाल घातली तर ना हिकडची, ना तिकडची. पांढरी घालून देते, आन् काळी तिच्यासंगं देते. पावसाच्या आदी तिनं बदलायची."

मच्छिंद्रनं तिच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच ती त्याच्या शब्दाबाहेर जात होती, तेही त्याच्याच दुकानात. मग त्यानं पायडल उलटं फिरवायला सुरुवात केली.

बनुबाईनं पहिला थेंब शिंगणापूरच्या दिशेला मातीवर सोडला, हात जोडले, आणि मग चेनला बाटली लावली. तो सावकाश पायडल फिरवत होता, ती कडीला एक थेंब टाकत होती. एकशे चौदा कड्या. मधे त्याचा हात थकला तेव्हा ती थांबली, आणि त्यानं पुन्हा फिरवायला घेतलं तेव्हा पुढच्या कडीपासून लागली. सगळी चेन झाली तेव्हा बनुबाईच्या लक्षात आलं की लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर बसून पहिल्यांदाच एक काम केलं. तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

काळ्या चिंधीची बाटली तिनं निकिताच्या हातात दिली आणि बजावलं, "संगमनेर सोडलं की ढग दिसतील. भिजायच्या आदी थांबायचं. भिजल्या चेनवर तेल बसत न्हाई. पयलं कोरडं पुसून घे, मंग कडीला एक थेंब, मंग धा मिन्टं च्या पी, मंग परत पूस. लोक पुढं जातील. जाऊ देत. तू थांबायचं."

"आणि त्या दहा मिनिटांमुळे माझी वेळ चुकली तर?"

"तर मला शिव्या घाल. पन थांब."

रविवारी पहाटे सगळ्या सायकली फाट्यावर जमल्या, तेव्हा बनुबाई फडकं घेऊन तिथं हजर. मुरलेलं तेल तिनं पुसून काढलं. बाजूच्या एका हेल्मेटवाल्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, यात तेलच दिसत नाही." बनुबाई म्हणाली, "दिसाय न्हाई घातलं." साडेपाचला सगळे गेले.

मग दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका गिऱ्हाइकाचा टायर तिनं उलटा बसवला. दुसऱ्याचे पैसे परत द्यायला विसरली आणि त्यानं मागितल्यावर त्यालाच बोलली. अकरा वाजता फोन वाजला. निकिता संगमनेरच्या पुढं एका चहाच्या टपरीवर उभी होती.

"मावशी, धूळ नुसती भरून राहिली होती, पण चेन स्वच्छ आहे. सगळ्यांच्या काळ्या झाल्यात. काळं तेल घातलं. दहा मिनिटं मुरायला थांबले आहे. चौदा जण पुढं गेले, मावशी."

"जाऊ देत," बनुबाई म्हणाली, आणि फोन ठेवला. चौदा जण! आपण पोरीला उगाच थांबवलं का? लाल घातली असती तर थांबावंच लागलं नसतं. तिनं मच्छिंद्रकडं बघितलं. तो रस्त्याकडं बघत होता.

त्यानंतर फोन नाही. अकोल्याच्या पुढं रेंज नसते, हे तिला ठाऊक होतं, तरी ती दर पाच मिनिटांनी मोबाईल पदरानं पुसून बघत होती. दोन वाजले. अडीच वाजले. साडेतीनला मुदत संपणार होती. भागवतभाऊ येऊन लिंबाखाली बसले, पण विचारायचं धाडस त्यांना होईना. तीन वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. पलीकडून पावसाचा एवढा आवाज की आधी काही कळेचना.

"पोचले! मावशी, पोचले! नऊ तास चाळीस मिनिटं! घाटात त्या चौदातल्या नऊ जणांना मागं टाकलं. कुणाची चेन करकरत होती, कुणाची उडत होती. माझी नुसती फिरत होती!"

भागवतभाऊंनी तिथल्या तिथं शिंगणापूरकडं तोंड करून लोटांगण घातलं. "माझे आई," एवढंच बनुबाई म्हणाली.

"मावशी, थांबा. फोन काकांच्या कानाला लावा. मी चाक उचलते."

बनुबाईनं मोबाईल मच्छिंद्रच्या कानाशी धरला. त्यानं डोळे मिटले. तिकडं भंडारदऱ्याला निकिता पायडल फिरवत होती आणि इकडं बनुबाई त्याच्या ओठांकडं बघत होती, की आता 'कोरडी' म्हणतो का 'लई झालं'.

"चेन ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. "नुसता पाऊस येतोय."

यापेक्षा मोठं कौतुक मच्छिंद्र मिस्त्रीनं उभ्या जन्मात कुणाचं केलं नव्हतं. बनुबाईला ते कळलं. तिनं फोन काढून घेतला, पण त्याच्या खांद्यावरचा हात काढायचं तिला सुचलं नाही.

सोमवारी सकाळी पुंजाराम दूधवाला नेहमीसारखा सायकल घेऊन आला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. कॅन उतरवून सायकल उभी केली आणि सवयीनं खुर्चीकडं वळून म्हणाला, "काय मिस्त्री, चेन करकर करतीया. बघता का?"

मच्छिंद्रनं डावा हात उचलला आणि बनुबाईकडं केला. "मिस्त्रीला इचार."

पुंजारामनं मागं वळून बघितलं, दुकानात कुणी नवा माणूस ठेवलाय की काय म्हणून. कुणी नव्हतं. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो चपापून बनुबाईकडं वळला. "मिस्त्री... चेन करकर करतीया."

बनुबाई खाली बसली आणि लाल चिंधीची बाटली उघडली. तिचं लक्ष अजून खुर्चीकडं होतं, त्यामुळं पहिल्याच कडीला दोन थेंब पडले.

"लई झालं," मच्छिंद्र म्हणाला.